मास्तरांच्या नारंगी गोळ्या

आमच्या बाबूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, तोंडावर 'नाही' म्हणणारा पहिला माणूस उतारवयात भेटला, आणि तो मी नव्हतो. तो आमचा भाडेकरू होता. गोदामाच्या वरच्या खोलीत राहायचा, गल्लीतले सगळे त्याला मास्तर म्हणायचे, म्हणून आम्हीही मास्तर म्हणायचो. त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत असं बायको म्हणते. लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, मला ते फारसे आवडायचे नाहीत. म्हणजे त्यांच्या गप्पांशिवाय संध्याकाळ सुनी वाटायची हे खरं, आणि ते बाबूजींच्या शेजारी बसलेले दिसले की पोटात दुखायला लागायचं हेही खरं. ह्या दुखण्याला मराठीत सरळ शब्द आहे. मी त्यांच्यावर जळायचो.

लाखनीला हायवेच्या अंगाला आमची धानाची गिरणी आहे. पुढे गिरणी, मध्ये धान सुकवायचं सिमेंटचं पटांगण, बाजूला गोदाम आणि मागे घर. ह्या सगळ्यावर बाबूजींचं राज्य, आणि ते राज्य चालायचं खोकल्यावर. एक छोटा खोकला म्हणजे चहा. लांबलेला खोकला म्हणजे गिरणी बंद करा. आणि नुसता घसा साफ केला तर समजायचं की कुणाचं तरी चुकलं आहे, कुणाचं ते ज्याचं त्यानं शोधून काढावं. घरात भाजी कोणती ते बाबूजी सकाळी दात घासताना ठरवत. वर्तमानपत्राची घडी त्यांच्याआधी कुणी मोडायची नाही. मी सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पण केस कापायला जातानाही सांगून जायचो, आणि न्हाव्याकडून आल्यावर 'बारीक नाही केले' एवढं ऐकून घ्यायचो.

बाबूजी दुष्ट होते असं कुणी समजू नये. मला टायफॉइड झाला तेव्हा गिरणी बंद ठेवून माझ्या उशाशी बसले होते. फक्त तिथेही त्यांनी मला 'लवकर बरा हो' असा हुकूमच दिला, आणि मी झालो. मला वाटायचं, प्रेम म्हणजे हेच. त्यांनी सांगायचं, आपण करायचं. दुसरं काही द्यायला माझ्याजवळ नव्हतं, पण हुकमाचा मान राखण्यात मी कधी कसूर केली नाही. लोकही म्हणायचे, पोरगा असावा तर असा.

अशा घरात मास्तर आले.

ते पीटीचे मास्तर होते. आंबागडच्या बाजूला कुठल्याशा आश्रमशाळेत त्यांची नोकरी झाली, बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर गावी जायचं सोडून लाखनीला का आले ते कुणाला कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "हायवे आवडते जी मले. कोनीच कोनाचं ऐकत नाही तिथं." सामानात एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि एक काचेची बरणी. गळ्यात शिट्टी. ती शिट्टी वाजायची नाही, कारण आतला दाणा त्यांनी काढून टाकला होता. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोरानं एकदा तरी ती फुंकून पाहिली आहे. नुसती फुस्स हवा जायची आणि मास्तर खूश व्हायचे.

चालण्याचीही तऱ्हा. कुणाबरोबर चालताना पावलं जुळली की थबकायचे, पाऊल बदलायचे आणि मग पुढे निघायचे. मी एकदा वैतागून विचारलं, पायाला काही झालं आहे का. म्हणाले, "पायाले काही नाही झालं. सवय मोडून राहिलो." लुंगीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून हा माणूस बाजारातून असा अडखळत यायचा, आणि लोक त्याला हसायचे. मीही हसायचो. तेव्हा जळायला सुरुवात झाली नव्हती.

बरणीत नारंगी गोळ्या असायच्या, त्या आपल्या लहानपणच्या, संत्र्याच्या फोडीसारख्या. संध्याकाळी आमच्या पटांगणात पोरं जमायची, त्यात आमची लेक पिंकीही. मास्तर मधोमध उभे राहून दम भरायचे.

"पोट्टेहो, चला! हायवेवर जाऊन आडवे झोपा!"

"नाही झोपत!" पोरं ओरडायची.

"काहून?"

"ट्रक येते ना, मास्तर!"

"शाब्बास. घ्या."

गोळी फुकट मिळायची नाही. नुसतं नाही म्हणून भागायचं नाही, कारण द्यावं लागायचं. आणि मास्तर मध्येच फसवायचे. हात धुऊन या म्हणाले आणि एखाद्यानं सवयीनं "नाही धूत" म्हटलं, की विचारायचे, काहून? पोरगं विचार करायचं, डोकं खाजवायचं, काही सुचायचं नाही. "मंग धू," मास्तर म्हणायचे, आणि पोरगं मुकाट नळावर जायचं. पण मला ते सगळं पोरखेळच वाटायचं. पोरांना उद्धट करायची विद्या, दुसरं काय? पिंकी घरी येऊन मला 'काहून, पप्पा?' म्हणायला लागली तेव्हा मी बायकोला म्हटलं, ह्या माणसाला खोली खाली करायला सांगितलं पाहिजे. बायको म्हणाली, "मंग सांगा ना बाबूजीले." तिला ठाऊक होतं मी सांगणार नाही.

आणि मग गेटचा प्रसंग झाला.

बाबूजी आपल्या खुर्चीत बसले होते. मास्तर बाहेरून आले तसे बाबूजी म्हणाले, "मास्तर, ते गेट लावून घ्या."

"नाही लावत जी," मास्तर म्हणाले. सहज. पाणी नको म्हणावं तसं.

मी धानाचं पोतं शिवत होतो. सुई बोटात गेली. दोन हमाल पाठीवर पोतं घेऊन जिथल्या तिथे उभे राहिले. बाबूजींनी घसा साफ केला. हे म्हणजे भल्याभल्यांना कापरं भरवणारं होतं, पण मास्तरांना खोकल्याची भाषा येत नव्हती, किंवा येत असून ते कानाडोळा करत होते.

"पोट्टे येऊन राहिले आता खेळाले," ते म्हणाले. "लावाचं काहून, ते सांगा."

बाबूजींना कुणी कधी 'काहून' विचारलं नव्हतं. त्यांनी शोधाशोध केल्यासारखं इकडे तिकडे पाहिलं. "ढोरं घुसतेत. धानात तोंड घालतेत."

"ढोरं त रानात हायेत जी. दिवेलागनीले येतीन वापस."

बाबूजी विचारात पडले. मनातून, आता कबूलच करतो, मी वाट पाहत होतो. आता ह्याचं सामान बाहेर पडणार, ट्रंक, स्टोव्ह, बरणी, सगळं.

"मंग तवा लावा," बाबूजी म्हणाले.

"तवा लावतो."

आणि बाबूजींनी माझ्याकडे वळून म्हटलं, "मास्तरसाठी चहा आन. आन एक खुर्ची."

मी चहा आणला. खुर्चीही आणली. बाबूजींच्या शेजारी दुसरी खुर्ची मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मांडली, आणि ती ह्या उपटसुंभासाठी. मी स्वतः लहानपणापासून त्यांच्यासमोर पोत्यावर बसत आलो आहे. त्या दिवशी जी आग लागली ती विझली नाही.

पुढे रोज संध्याकाळी तेच. दोघं शेजारी बसून भांडायचे. खुर्च्यांची तोंडं पूर्वेला हवीत की रस्त्याकडे, यंदा धानाची रोवणी उशिरा का झाली, वडाभात नागपूरचा चांगला की भंडाऱ्याचा, कशावरूनही. बाबूजी एक बोलले की मास्तर नाही म्हणायचे, मग बाबूजी कारणं काढायचे, एखाद्या वेळी कारण सापडायचं नाही आणि बाबूजी चक्क हसायचे. बाबूजींचे पुढचे दोन दात पडले आहेत हे मला तेव्हा कळलं, कारण ते हसलेले मी पाहिलेच नव्हते. मी सोळा आणे आज्ञाधारक मुलगा, आणि माझ्याशी ते एवढं कधी बोलले नव्हते. माझ्याशी बोलायचं काय? मी तर प्रत्येक वाक्याला हो म्हणून ते तिथल्या तिथे संपवत होतो. पण हे आत्ता लिहिताना सुचतं आहे. तेव्हा फक्त एवढंच वाटायचं, की मी आयुष्यभर हो हो करत झिजलो आणि चहा ह्याला.

आता माझी एक गोष्ट सांगायला हवी. मला बऱ्याच वर्षांपासून गिरणीत एक बदल करायचा होता. आमच्याकडचा चिन्नोर तांदूळ तुम्हाला माहीत असेल. शिजायला लागला की शेजारच्या घरी कळतं. पण आमच्या गिरणीत तो जाड्या धानाच्या मशीनमधूनच जायचा, त्याचा कणीकोंडा व्हायचा, आणि शेतकरी लोक चिन्नोर लावणंच सोडायला लागले होते. मला वाटायचं, त्याच्यासाठी वेगळं छोटं मशीन बसवावं, बारीक धान हळू भरडावं, आपलीच पिशवी काढावी. हे मी फक्त बायकोला सांगितलं होतं, तेही स्कूटरवर, तिचं तोंड मला दिसत नसताना. बायकोनं ते मास्तरांना सांगितलं. सगळ्यांना मास्तरच लागायचे.

मास्तर एकदा मला कोंड्याच्या ढिगाजवळ गाठून म्हणाले, "भाऊ, चिन्नोरचं बाबूजीले सांगा. चांगली गोष्ट हाय."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतात ते."

"नाही सांगत."

"का?"

"तुमचं काम होय ते. मी सांगतलं त माहं होईन."

मला इतका राग आला. एक तर ह्या माणसानं माझी जागा घ्यायची, आणि वर माझं कामही करायचं नाही. मी म्हटलं, बाबूजींसमोर माझं तोंड उघडत नाही, हे तुम्हाला दिसत नाही का?

मास्तरांनी शिट्टी बोटात फिरवली. मग म्हणाले, "एक सांगू? तुमचे बाबूजी लय एकटे हायेत. हो म्हननाऱ्याइच्या घरात मानूस एकटाच रायते."

एकटे! मी घरात असताना! बायको, पिंकी, हमाल, सगळं गणगोत असताना! मी तिथून तडक निघून गेलो, आणि रागानं चालताना पाहिलं तर मास्तर माझ्या मागे, पाऊल मुद्दाम चुकवत चाललेले. त्या दिवशी त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

मग तो अवकाळी पावसाचा दिवस आला.

थंडीचे दिवस होते. पटांगणभर धान सुकायला पसरलं होतं. बाबूजींचा नियम असा, की पसरलेलं धान त्यांनी सांगितल्याशिवाय उचलायचं नाही. नियमाला कारण होतं. पूर्वी एका नव्या हमालानं अर्धओलं धान भरलं होतं आणि तांदळाचा सगळा चुरा झाला होता. तेव्हापासून बाबूजी स्वतः चार दाणे दाताखाली धरायचे, चावून पाहायचे, आणि मगच म्हणायचे, उचला. दुसरा नियम, जेवल्यावर ते झोपले की त्यांना उठवायचं नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते. ते दोन्ही एकाच दुपारी समोरासमोर येतील हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

जेवणानंतर आभाळ भरून आलं. वारा सुटला. हमाल पटांगणाच्या कडेला येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे पाहू लागले. मी बाबूजींच्या खोलीच्या दाराकडे पाहत होतो. दार बंद होतं. ताडपत्री गोदामाच्या भिंतीशी गुंडाळून ठेवलेली, हाताच्या अंतरावर. पहिले थेंब धानावर पडले तेव्हा एक म्हातारा हमाल म्हणाला, "मालक, पानी आलं ना." मी म्हटलं, "दिसून राहिलं मले." आणि उभा राहिलो. आम्ही सगळेच उभे राहिलो. आज सांगताना खोटं वाटतं, पण पाचसहा धडधाकट माणसं भिजणाऱ्या धानाकडे पाहत उभी होती, आणि प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की आपण आपलं काम चोख करतो आहोत.

मास्तर बाजारातून आले. गेटमध्येच थांबले. त्यांनी आम्हाला पाहिलं, धान पाहिलं, बंद दार पाहिलं. आणि त्यांनी एक आवाज काढला. तो आवाज आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मैदानावरचा, छातीतून निघालेला, हुकमाचा.

"ताडपत्री ओढा!"

आम्ही धावलो. सगळ्यांत पुढे मी होतो. ताडपत्री पसरली, फावड्यांनी धान ओढलं, पोती भरली, भिजत धडपडत जेवढं वाचलं तेवढं वाचवलं. निम्मं अर्धं भिजलंच. गोंधळानं बाबूजी उठून बाहेर आले.

"काहून नाही उचललं?" ते ओरडले.

"तुमी सांगतलं नोतं, बाबूजी," मी म्हणालो.

"मंग मले उठवलं काहून नाही?"

"तुमीच म्हनलं होतं, उठवाचं नाही."

मी खरं तेच बोललो. उद्धटपणानं नाही, अगदी नम्रपणे. पण बाबूजींनी माझ्याकडे असं पाहिलं की अंगावर ओरडले असते तर बरं झालं असतं. मग ते एका ओल्या पोत्यावर बसले. खुर्चीवर नाही, पोत्यावर, माझ्या जागेवर.

मास्तर त्यांच्यापाशी जाऊन उकिडवे बसले. पाण्यानं बूट भरले होते. मला वाटलं, आता हे तोऱ्यात येतील. तसं झालं नाही. तेच पडेल चेहऱ्यानं म्हणाले, "बाबूजी, हे सारे हलले कशानं मालूम हाय? धान भिजलं म्हनून नाही. माह्या जुन्या आवाजानं हलले."

बाबूजी ओलं धान मुठीत धरून पाहत राहिले.

"मी पीटी मास्तर होतो ना. माह्या शिट्टीवर शाळा चाले. एक दिवस उन्हाचं पोट्ट्याइले सावधान म्हनलं आन तेवढ्यात हेडमास्तरनं बलावलं. तिथं चहा आला, गोष्टी निंगाल्या, मी भुलून गेलो. वापस येऊन पायतो त पोट्टे तसेच उभे. एक पोरगी चक्कर येऊन खाली पडली होती. आन तिच्या बाजूचा पोट्टा सावधानातच. हात नाही हालवला त्यानं. मी म्हनलं, अबे, उचललं काहून नाही तिले? तो मले म्हनते, सर, तुमी विश्राम नाही म्हनलं ना."

"मंग?" बाबूजींनी विचारलं.

"पोरगी बरी झाली. पाच मिनटात पानी पिऊन उठली. पन त्या पोट्ट्याचा आवाज नाही गेला माह्या कानातून. त्यानं चूक नोती केली जी काही. मी शिकवलं तसंच केलं. मले वाटे, पोरं माह्या धाकात हायेत म्हनजे सांभाळून हायेत. तिथं त कोनीच कोनाले सांभाळत नोतं. सगळे मलेच पाहून राहिले होते, आन मी चहा पीत होतो."

त्यांनी शिट्टी हातात घेतली. तिच्यातला दाणा कधी काढला ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हाला विचारायची गरज पडली नाही. बाबूजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी ओल्या धानाजवळ हात बाजूला सोडून ताठ उभा होतो. पुढचा हुकूम काय येतो त्याची वाट पाहत होतो, दुसरं काय करणार?

त्या पावसानंतर बाबूजी बदलू लागले. माणूस ह्या वयात बदलत नाही म्हणतात, पण बदलले. खोकला राहिला, नुसता खोकला म्हणून. भाजी कोणती ते बायकोवर सोडलं. पहिल्या दिवशी तिला स्वयंपाकच सुचला नाही, खिचडी टाकली. दुपारी झोपताना दार उघडं ठेवायला लागले. आणि ते विचारायला लागले. "तुमाले काय वाटते?" हा प्रश्न, जो ऐकायची मी जन्मभर कान टवकारून वाट पाहिली, तो आमच्या घरात अखेर उच्चारला गेला. फक्त तो असा असायचा: "मास्तर, तुमाले काय वाटते?"

गिरणीचा पट्टा बदलायचा का? मास्तर, तुमाले काय वाटते? पिंकीला भंडाऱ्याच्या शाळेत घालायचं का? मास्तर, तुमाले काय वाटते? पिंकीचा बाप तिथे पोत्यावर बसलेला असायचा हो! मास्तर माझ्याकडे बोट करून म्हणायचे, "भाऊले इचारा." बाबूजी माझ्याकडे बघायचे, मी म्हणायचो, "तुम्ही ठरवाल ते." मग बाबूजी पुन्हा मास्तरांकडे वळायचे. मला वाटायचं, हा मास्तर मला मुद्दाम तोंडघशी पाडतो आहे.

मी नाही म्हणायचा सरावही करून पाहिला. आरशासमोर उभा राहून म्हणून पाहिलं, तर आरशातला माणूस हो म्हणाल्यासारखा दिसत होता. एकदा बाबूजी म्हणाले, पाणी आण. मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "नाही..." बाबूजींनी उत्सुकतेनं वर पाहिलं, खरंच उत्सुकतेनं, आणि माझ्या तोंडून पुढे निघालं, "नाही म्हटलं, माठातलं आणू का फ्रिजातलं?" मागे मास्तर बसले होते. ते हसले नाहीत ह्याचाच जास्त राग आला.

मग मास्तर गेले. कुठे म्हणजे आंबागडला, भावाकडे. भावाला गुडघ्यांमुळे शेती झेपेना, त्यानं बोलावलं. निघताना बाबूजी म्हणाले, "मास्तर, राहून जा." मास्तर म्हणाले, "नाही राहत जी. भाऊ एकटा हाय." आणि बाबूजींनी मान डोलावली. बरणी मास्तरांनी खिडकीत ठेवली, पोट्ट्यांसाठी. बाबूजी त्यांना सोडायला स्टँडपर्यंत चालत गेले. मी लग्न करून सासुरवाडीहून बायकोला आणलं तेव्हा ते गेटपर्यंतही आले नव्हते. मी ट्रंक घेऊन मागून चाललो होतो आणि पाहत होतो. दोघांची पावलं जुळली की दोघंही थबकायचे. दोघंही! एस.टी. गेली, धूळ खाली बसली, तरी बाबूजी तिथेच. मला वाटलं, बरं झालं गेले. आणि खोली रिकामी झाल्यावर मला करमेनासं झालं.

काही दिवसांनी गिरणीचं जुनं मशीन बसलं ते बसलंच. मिस्त्री म्हणाला, आता नवीनच घ्या. सकाळची वेळ होती. पटांगणात दोन खुर्च्या, एकीवर बाबूजी, दुसरी रिकामी. मी पोत्यावर. बाबूजींनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मशीन कोनती घ्याची?" ते म्हणाले. "तुले काय वाटते?"

मास्तर नाही, तुले. मला. मी ह्या घटकेची किती वाट पाहिली होती ते तुम्हाला आता ठाऊक आहे. चिन्नोरचं सगळं डोक्यात तयार होतं, मशीन कुठे बसवायचं, कुणाचं धान आधी घ्यायचं, पिशवीचा रंगसुद्धा. मी तोंड उघडलं.

"तुम्ही म्हणाल तसं, बाबूजी."

बाबूजींनी डोळे मिटले. रागावले नाहीत. दमल्यासारखे दिसले. मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला, त्यांना चष्म्याशिवाय नाव दिसत नाही म्हणून. "लाव मास्तरले फोन," ते म्हणाले. "त्यालेच इचारतो."

मी फोन घेतला. मास्तरांचं नाव पडद्यावर आलं. फक्त अंगठा टेकवायचा होता. आणि माझ्या पोटातलं ते जुनं दुखणं असं काही उसळून आलं की काही सांगू नका. ती खुर्ची, तो चहा, स्टँडपर्यंत चाललेले पाय, सगळं एकदम. गिरणी माझी, बाप माझा, मशीन माझं, आणि विचारायचं आंबागडला!

"नाही लावत," मी म्हणालो.

हिंमत नव्हती ती. निव्वळ जळफळाट होता. पण तोंडातून गेलं ते गेलं. बाबूजींनी डोळे उघडले. हमाल थांबले. दारात बायको तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपात तसाच राहिला.

"काहून?" बाबूजी म्हणाले.

आणि मग मला थांबता आलं नाही. चिन्नोर, कणी, छोटं मशीन, पिशवी, सगळं बाहेर पडलं, उलटसुलट, अर्धं ओरडत. बाबूजी म्हणाले, नाही जमणार, चिन्नोर लावतो कोन आता? मी म्हटलं, आपण नीट भरडून देत नाही म्हणून लावत नाहीत. ते म्हणाले, जाडं धान गेलं त पोट कशावर भरायचं? मी म्हटलं, जाडं राहू द्या की, मी बंद करा म्हटलं का? ते म्हणाले, तुले काय समजते? मी म्हटलं, चाळीस वर्षं कोंडा खाऊन राहिलो, समजणार नाही तर काय! बायकोनं ठेवलेला चहा गार झाला. त्यांनी काही मान्य केलं नाही. उठताना एवढंच म्हणाले, "बरं. उद्या पुन्हा बसू." आणि जाताजाता रिकामी खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळी बाबूजींच्या खोलीवरून जाताना आतून आवाज आला. त्यांनी पिंकीकडून फोन लावून घेतला होता. बाबूजी खिदळत होते. "मास्तर, आयका ना! आज आमचं पोरगं मले नाही म्हनलं! हो! तोंडावर! आन कारन देल्लं! लय भांडला बाप्पा, लय भांडला!" असा आवाज मी बाबूजींचा कधी ऐकला नव्हता. पोरगा पहिला आला की बाप असं बोलतो म्हणतात. मी दाराआड उभा राहून ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी वाटलं, हे मला का नाही सांगितलं? आधी त्यालाच सांगायचं होतं?

थोड्या वेळानं ते बाहेर आले. खिडकीतल्या बरणीत हात घालून त्यांनी एक नारंगी गोळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"घे," ते म्हणाले. "मास्तर म्हनला, दे त्याले."

त्या माणसाचं नाव न काढता दिली असती तर काय बिघडलं असतं? पण गोळी मी खाल्ली. खुर्चीवर बसून खाल्ली.